न सुटलेल्या प्रमेयाचा सत्कार

"पटलं का?" हा प्रश्न आम्ही शिक्षक मंडळी विचारतो तो उत्तराची वाट न पाहता. घंटा व्हायला आलेली असते, पुढचा तास डोक्यात असतो आणि पोरांनी "हो सर" म्हणावं एवढीच माफक अपेक्षा असते. साळवे सर हा प्रश्न खरोखरच विचारायचे. फळ्यावर सिद्धता लिहून झाली की खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि वर्गाकडे तोंड करून उभे राहायचे. अख्खा वर्ग "हो सर" ओरडला आणि खिडकीपाशी बसलेल्या एखाद्याने नुसते ओठ हलवले, तरी ते त्यांना दिसायचं. मग सगळा फळा पुसून पहिल्यापासून सुरुवात. "मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका रे," ते म्हणायचे. "मला बरं वाटवायला घरी माणसं आहेत."

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. पानशेतचं धरण फुटलं त्या पुरात पुण्यातलं आमचं भाड्याचं घर वाहून गेलं आणि पुढच्या वर्षी मी पिंपरीला आलो. तेव्हा पिंपरी म्हणजे अर्धं शेत आणि अर्धा कारखाना असा प्रकार होता. एका बाजूने भोंगा वाजायचा, दुसऱ्या बाजूला म्हशी रस्ता अडवून उभ्या. शाळेत कामगारांची पोरं. कुणी सातारचा, कुणी बीडचा, कुणी कोकणातला, आणि इथल्या जुन्या गाववाल्यांची पोरं त्या सगळ्यांवर दादागिरी करणारी. मी पेठेतला माणूस, मला हे सगळं फार गबाळं वाटे. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी तसं बोललोही. कोपऱ्यात बसलेल्या एका सावळ्या, उंच, चष्मेवाल्या माणसाने वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "पाटणकर, पुण्यात सगळं नीटनेटकं होतं म्हणता. मग ते वाहून कसं गेलं?" मी संतापलो. घरी गेल्यावर मला हसू आलं. त्यानंतर वीस-एक वर्षं आम्ही डबा एकत्र खाल्ला.

सर मूळचे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. वडील गावाच्या वेशीबाहेर राहून गेले, मुलगा औरंगाबादला कॉलेजात गेला आणि गणित घेऊन बाहेर पडला. तिथेच त्यांना ते प्रमेय भेटलं. गणितवाले त्याला 'शेवटचं प्रमेय' म्हणतात. मला ते त्यांनी डब्यातल्या चटणीच्या साक्षीने समजावून सांगितलं होतं. तीनाचा वर्ग आणि चाराचा वर्ग मिळवला तर पाचाचा वर्ग होतो. गवंड्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं, भिंतीचा कोपरा काटकोनात काढताना तो तीन, चार आणि पाच हात दोरी मोजतो. असे आकडे हवे तेवढे सापडतात. पण वर्गाऐवजी घन घ्या, चौथा घात घ्या, पुढचा कुठलाही घात घ्या, असे तीन पूर्ण आकडे एकदाही सापडत नाहीत. फ्रान्समधल्या एका वकिलाने तीनशे वर्षांपूर्वी हे ओळखलं. त्याने पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं, की याची फार सुंदर सिद्धता माझ्याकडे आहे, पण समासात जागा पुरत नाही. आणि तो मरून गेला.

"थापाड्या असणार," मी म्हणालो.

"असेल," सर म्हणाले. "पण थाप असेल तर तीही सिद्ध करावी लागेल ना?"

त्या वकिलाचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. सर त्याला 'वकीलसाहेब' म्हणत आणि शेजारच्या चाळीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलत. रोज सकाळी आंघोळ झाली की शाळेची वेळ होईपर्यंत ते पाटी घेऊन बसायचे. साधी दगडी पाटी, लाकडी चौकटीची. कागद का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "कागदावर चूक राहते आणि आपला तिच्यावर जीव जडतो. पाटी पुसली की मोकळं." त्यांना ते प्रमेय सुटेल अशी आशा होती का? मी एकदा स्पष्टच विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही दर एकादशीला पीएमटीच्या बसला लोंबकळत आळंदीला जाता. तिथे माउली भेटतात का तुम्हाला?" मी म्हणालो, भेटायला थोडाच जातो मी. "मग झालं तर," सर म्हणाले आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, इथलीच, मावळातली. सातवीपर्यंत शिकलेली. औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात ती कामाला होती. सर पाटीवर बसले की ती भांडी हलक्या हाताने ठेवायची. आमच्या कामगार कॉलनीतल्या बायका नळावर तिला छेडायच्या, "तुझा मास्तर सकाळी सकाळी काय गिरवतोय गं, बाराखडी?" लोक सरांना मागून 'येडा मास्तर' म्हणत, ते तिच्या कानावर जायचंच. सरांना याचं काही नव्हतं. तिला होतं. तिच्या डोळ्यांत ते मला दिसायचं. एकदा चहा देताना ती मला म्हणाली, "भावजी, गाण्याबजावण्यावाल्याला शाल मिळती, कुस्तीवाल्याला फेटा मिळतो. ह्यांच्या कामाला काय मिळत असतं हो?" मी काहीतरी गोलमोल उत्तर दिलं. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

मूलबाळ नव्हतं. वहिनीच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापात बिघडलेली होती, हे लग्नानंतर कळलं. चाळिशीच्या आत तिला चार पायऱ्या चढणं जड जाऊ लागलं. कारखाना सुटला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरने सरांना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं.

त्याच सुमारास शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सरांनी आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं नाटक लिहिलं. गावोगाव टीव्ही येऊ लागला होता. आमच्या कॉलनीच्या सभागृहातही लाकडी कपाटात कुलूपबंद असा एक आला होता, आणि माणूस चंद्रावर जाऊन आला हे आता पोरांनाही ठाऊक होतं. सरांच्या नाटकात पिंपरीच्या एका कारखान्यामागच्या माळावर दुसऱ्या ताऱ्यावरचा पाहुणा यान घेऊन उतरतो. सगळे त्याच्याकडे काही ना काही मागायला धावतात. कामगार म्हणतो, न थकणारं शरीर दे. व्यापारी म्हणतो, न नासणारा कांदा दे. मग एक म्हातारे गणिताचे मास्तर येतात आणि त्याला विचारतात, "तुम्ही एवढे पुढारलेले, तुमच्याकडे त्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता तरी असेल?" पाहुणा डोक्यावरचा टोप काढून हातात घेतो. मग म्हणतो, "नाही हो. तेच विचारायला मी एवढ्या लांब आलो." आणि दोघं माळावर मांडी घालून एका पाटीवर डोकं घालून बसतात. पडदा.

मला नाटकातलं फार कळत नाही, पण तालमीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला ब्रश मी खाली ठेवला होता. इतके तारे, इतकं अंतर, आणि दोन्हीकडे तीच अडलेली जागा. सर म्हणाले, "एकट्यानेच अडून बसलोय असं वाटत नाही ना मग."

यान मी केलं. एका पालकाने कारखान्यातून बाद झालेले ॲल्युमिनियमचे तुकडे आणून दिले. पाहुण्याच्या टोपाला स्कूटरच्या दिव्याची बाद झालेली वाटी बसवली. पाहुणा म्हणून नववीतली एक ताडमाड मुलगी घेतली आणि तिला नखशिखांत चंदेरी रंग फासला. आंतरशालेय स्पर्धेत नाटकाला बक्षीस मिळालं. परीक्षकांत मुंबईच्या टीव्ही केंद्रावरचे एक निर्माते होते. त्यांना नाटक आवडलं आणि त्यांनी आम्हाला चित्रीकरणाला बोलावलं.

ही बातमी सुमनवहिनीने सगळ्या कॉलनीला सांगितली. दम लागत असताना दारोदार जाऊन सांगितली.

मुंबईच्या त्या स्टुडिओत माझं यान दिव्यांखाली इतकं चमकायला लागलं की कॅमेरावाले ओरडले. मग एका माणसाने त्याच्यावर साबणाची वडी घासून ते मळकट केलं. माझा जीव तीळतीळ तुटला. पण खरी अडचण पुढे होती. मास्तर झालेल्या पोराच्या चिकटवलेल्या मिशा कॅमेऱ्यात भयंकर दिसत होत्या. निर्माते सरांना म्हणाले, "तुम्हीच उभे राहा ना. तुम्ही मास्तरच आहात." सर लाजले, पण तयार झाले. मग निर्मात्यांनी शेवटाला हात घातला. माणूस वाईट नव्हता, अगदी अजिजीने बोलत होता. "सर, लोक अर्धा तास बघणार आणि शेवटी उत्तरच नाही? असं अर्धवट सोडून कसं चालेल? माणूस जिंकू दे. मास्तर फळ्यावर प्रमेय सोडवतात, पाहुणा वाकून नमस्कार करतो. बघा, टाळ्या पडतील घराघरात."

सर म्हणाले, "ते सुटलेलं नाही."

"नाटकात सुटू दे की! यान तरी कुठे खरं आहे?"

सरांनी पोरांकडे पाहिलं. पहाटे पिंपरीहून निघालेली, रंग लावून बसलेली, भेदरलेली पोरं. "चौथ्या घातापुरती सिद्धता खरोखर आहे," ते शेवटी म्हणाले. "फळ्यावर मी तेवढीच लिहीन. खोटं अक्षर लिहिणार नाही." निर्माते म्हणाले, काहीही लिहा, कॅमेरा तुमच्या तोंडावर राहील. मग चंदेरी मुलीने नवं वाक्य पाठ केलं: "तीनशे वर्षांत जे कुणालाही जमलं नाही, ते या मास्तरांनी करून दाखवलं. आमच्या ताऱ्यावर हे आता तुमच्या नावाने शिकवू."

परतीच्या वाटेवर सर मला म्हणाले, "नाटक आहे हे लोकांना कळेल ना?" मी म्हणालो, न कळायला लोक काय खुळे आहेत?

प्रक्षेपणाच्या संध्याकाळी कॉलनीचं सभागृह ओसंडून वाहत होतं. वहिनीला खुर्चीसकट उचलून आणून पुढे बसवलं होतं. पडद्यावर सर दिसले तसा एकच गलका झाला. पाहुण्याने ते वाक्य म्हटलं, वाकून नमस्कार केला, आणि टाळ्यांनी पत्रे हादरले. मी समजत होतो की टाळ्या नाटकाला आहेत. कॉलनी मंडळाचे अध्यक्ष तापकीर, हे इथले जुने गाववाले, सरांना मिठी मारून म्हणाले, "सर, इतकी वर्सं आमच्यात ऱ्हाता आन् बोल्ला न्हाईत? तीनशे वर्सांचं गणित सोडवलंत!"

मी म्हणालो, "अहो तापकीर, नाटक होतं ते."

"पाटणकर, आमी काय येडे हाये का?" तापकीर म्हणाले. "ती चंदेरी पोरगी कुणाची हाये ते बी म्हाईत हाये आमाला. यान पत्र्याचं हाये, ते बी दिसतंय. पर गणित कसं खोटं आसल? दुसरा कुणी आसता तर म्हणलो आसतो थाप हाये. साळवे सर गणितात थाप मारतील व्हय?"

ज्या माणसाने कुणाला खोटं 'हो' म्हणू दिलं नाही, त्याच्या खरेपणावरच हे सगळं उभं राहिलं होतं. बायका वहिनीभोवती जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "सुमन, खरंच सुटलं का गं?" वहिनीने सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हय. सुटलं." तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. मी चित्रकार माणूस, चेहरे पाहतो. तो रंग मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना सरांनी सांगितलं. घरी गेल्यावर ते तिच्याजवळ बसले होते आणि "सुमन, एक सांगायचंय" एवढंच बोलले होते. तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आज काई सांगू नका. आज मला झोप लागंल." आणि खरोखरच, किती महिन्यांनी, ती रात्रभर शांत झोपली होती.

"सांगायला हवं," सर म्हणाले. "पण डॉक्टर म्हणालेत, धक्का नको."

मंडळाने सत्कार ठरवला. आपल्याकडे सत्कार एकदा ठरला की तो ज्याचा आहे त्यालाही थांबवता येत नाही. शाल, श्रीफळ, हार, वहिनीला साडी-चोळी, आणि भाषणं. सर येताना मला म्हणाले होते, "उत्तराच्या भाषणात सांगून टाकतो. सौम्य शब्दांत सांगतो." शाल अंगावर पडली. वहिनीला दोन बोलायला सांगितलं, तर ती बसूनच माइकमध्ये म्हणाली, "लोक म्हणायचे, मास्तरला येड लागलंय. आज त्यांच्या अंगावर शाल हाय. मला आता काई नको." एवढंच बोलून तिला धाप लागली.

मग सर उठले. माइकसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. मी पहिल्या रांगेत होतो. खूप वेळ गेला. वहिनी त्यांच्याकडे पाहत होती आणि ते तिच्याकडे. मग ते "आभारी आहे" म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी मोठ्या माणसाचा विनय म्हणून टाळ्या वाजवल्या.

वहिनी त्या पावसाळ्याच्या अखेरीस गेली.

महिनाभराने सर खरं सांगायला निघाले. निवडणुकीला उमेदवार फिरतात तसे घरोघर गेले. दारात उभे राहून हात जोडायचे आणि म्हणायचे, "ते प्रमेय मला सुटलेलं नाही. ते नाटकातलं होतं. मी त्या दिवशी बोललो नाही, ही माझी चूक." लोक त्यांना आत बोलवत, पाणी देत आणि म्हणत, "असू द्या हो सर, हा तुमचा मोठेपणा आहे." बायको गेल्याचं दुःख डोक्यात गेलंय, असंही काही जण म्हणाले. तापकीर तर म्हणाले, "किती साधा माणूस! एवढं केलं तरी म्हणतो, केलं न्हाई." सरांचं खरं कुणी घेईना. माझ्यासमोर ते एकदाच चिडले. "आयुष्यभर खरं बोललो, पाटणकर. त्याची ही शिक्षा आहे का?"

आणि पाटी सुटली. मी सकाळी कधी गेलो तर ते नुसते खुर्चीत बसलेले असायचे. "घेतली की हातातून गळते," म्हणायचे. "वकीलसाहेबांनी निदान जागा पुरली नाही असं सांगितलं होतं. मी माइकसमोर उभा होतो. जागा भरपूर होती." वर्गात शिकवणं तसंच चाललं, कणभरही कमी नाही. पोरांना काही कळलं नसेल. पण डब्याच्या वेळी वकीलसाहेबांचं नाव निघेनासं झालं. मी मुद्दाम काढलं तर ते विषय बदलायचे. मला त्या प्रमेयाचा कधी काही उपयोग नव्हता, पण ते आमच्यातून गेल्यावर आमच्या डब्याला चव राहिली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांना काविळीने गाठलं. दवाखान्यात मी रोज दुपारी जाऊन बसायचो. एक दिवस ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "शोकसभा होईल. लोक तेच बोलतील. तुम्ही उठून खरं सांगा. तुमचं तरी ऐकतील." मी म्हणालो, असलं काही बोलू नका. त्यांनी माझा हात धरला. "सुमन आनंदात गेली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ती ज्या माणसावर खूश होऊन गेली, तो मी नव्हतो. तो टीव्हीतला होता. मला तिने पाहिलंच नाही, पाटणकर. मी समोर होतो आणि ती त्याच्याकडे पाहत होती."

मी त्यांच्या पायावरची चादर उगीच सारखी करत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते गेले.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. पंचशील झालं, मग भाषणं. तापकीर म्हणाले, तीनशे वर्सांचं गणित सोडवनारा मानूस आपल्यात ऱ्हायला. मी उठलो आणि सांगितलं. नाटक, निर्मात्यांनी बदललेला शेवट, फळ्यावरचा चौथा घात, दवाखान्यातला निरोप, सगळं. मागून कुणीतरी म्हणालं, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?" तापकीर माझ्याकडे न पाहता खाली बसले. कुणाला काय समजायचं ते समजो. मी दिलेला शब्द पाळला होता.

बाहेर पडलो तर फाटकापाशी शांताबाई उभ्या होत्या. वहिनीबरोबर बाटल्यांच्या खात्यात असायच्या त्या, नळावरच्या मैत्रीण. म्हणाल्या, "बरं केलंत, भाऊ. सुमनला बी ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"सुटलं न्हाई ते. तिला काय ठावं नसंल? रोज सकाळी त्यांचं तोंड बघायची ती. सुटलं आसतं तर त्या दिशी कळलं नसतं का तिला? बायकांनी इचारलं तवा व्हय म्हणली, ती मुद्दाम. सत्कार ठरल्यावर मला म्हणली, शांते, खरं सांगितलं तर हे सत्काराला जायचे न्हाईत. त्या रातीला सांगाया आले व्हते, मी तोंडावर हात ठेवला. सुटलं न्हाई म्हणून काय झालं? इतकी वर्सं रोज बसत्यात ना. त्या बसण्याला शाल पायजे. मी गेल्यावर कोण घालनार हाय?"

मी फाटकाचा गज धरला. "मग सरांना का नाही सांगितलंत? ते तुमच्या दारातही आले असतील."

"आले व्हते की. हात जोडून हुबे ऱ्हायले. म्हणले, माझं खोटं हाय, पर सुमन ते खरं मानून सुखात गेली, तेवढं एक बरं झालं." शांताबाईंनी पदर डोळ्याला लावला. "तेवढं एकच बरं उरलं व्हतं मानसाला. ते मी कशी मोडू, भाऊ?"

सभा सुटली होती. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत होते, कुणी माझ्याकडे रागाने पाहत होतं. शांताबाई तिथेच थांबल्या होत्या. त्यांना अजून काही विचारायचं होतं.

"तुमी शेवटाला त्यांच्याजवळ व्हता," त्या म्हणाल्या. "समाधानात गेले ना सर?"

मी म्हणालो, "हो."